आर्म ॲक्टची केस आणि लोकअभिरक्षक कार्यालय : गावखेड्यातल्या आरोपीला ही मोफत सेवा कितपत कामाची?

वाढदिवसाला तलवारीने केक कापला, त्याचा व्हिडिओ फिरला आणि दुसऱ्या दिवशी घरझडती झाली. नाकाबंदीत मोटारसायकलच्या डिक्कीत देशी कट्टा सापडला. वावरात जागलीला निघालेल्या कास्तकाराच्या हातात कुऱ्हाड होती आणि कमरेला चाकू. आजोबांची भरमार (नळीच्या तोंडातून दारू भरायची) बंदूक माळ्यावर पडून होती, ती वनविभागाच्या छाप्यात हाती लागली. विदर्भातल्या तालुका न्यायालयांत शस्त्र अधिनियम १९५९ (आर्म ॲक्ट) खाली येणारी प्रकरणे बहुतेक याच जातीची असतात. आरोपी बहुधा मजूर, अल्पभूधारक किंवा विशीतला पोरगा. घरच्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो वकिलाचा. बैल विकून नागपूरचा नावाजलेला वकील आणायचा, तालुक्यातला ओळखीचा धरायचा, की मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयाकडे जायचे?

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. साध्या जप्तीच्या केसमध्ये, म्हणजे एक तलवार, एक कट्टा किंवा दोन-चार काडतुसे इतकाच मामला असेल, तर ही मोफत सेवा वापरण्यासारखी आहे आणि कमीपणा वाटून ती टाळू नये. शस्त्र परवान्याचा वाद असेल, दूरच्या तालुक्यात पहिला रिमांड (अटकेनंतर कोठडीसाठी न्यायालयापुढे हजर करणे) असेल किंवा प्रकरण उच्च न्यायालयात न्यायचे असेल, तर तिच्या मर्यादा आधी समजून घ्याव्यात. फी किती वाचली यावर सेवेची पारख होत नाही. जप्तीचा पंचनामा ओळीओळीने कोण वाचतो, यावर होते. आर्म ॲक्टची केस जिंकली किंवा हरली जाते ती पहिल्या दोन-चार दिवसांत तयार झालेल्या कागदांवर.

सेवा कोणाला मिळते

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जो कोठडीत आहे त्यालाही मिळतो, मग त्याच्या नावावर वीस एकर ओलित का असेना. हा मुद्दा गावात फार कमी जणांना ठाऊक असतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार आणि साधा अर्ज लागतो. आरोपी आत असेल तर अर्ज कारागृह अधीक्षकामार्फत जातो. बाहेरचे नातेवाईक जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे थेट देऊ शकतात. हेल्पलाइन १५१०० आहे.

लोकअभिरक्षक हे पूर्णवेळ नेमलेले वकील असतात. मुख्य, उपमुख्य आणि सहायक अशी उतरंड असते, त्यांना खासगी वकिली करता येत नाही आणि ते फक्त फौजदारी बचावाचे काम करतात. यादीवरच्या खासगी वकिलाला केस देण्याच्या जुन्या पॅनल पद्धतीपेक्षा हा मोठा फरक आहे. पॅनलवरच्या वकिलाची स्वतःची कामे असतात, त्यामुळे मोफत केस कधीकधी तारखेपुरती उरते. लोकअभिरक्षकाला दुसरे काम नाही. रोज तेच सरकारी वकील, तेच तपासी अधिकारी आणि तेच ठरलेले पंच समोर येत असल्याने कोणाचा पंचनामा कुठे लंगडा पडतो, हे त्यांना लवकर कळते. मात्र कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तालुका न्यायालयात बहुतेक वेळा अजूनही पॅनलवरचेच वकील उभे राहतात. म्हणून ‘मोफत वकील मिळाला’ एवढ्यावर थांबू नका. मिळालेला वकील लोकअभिरक्षक आहे की पॅनलवरचा, आणि पुढच्या प्रत्येक पेशीला तोच येणार का, हे लागलीच विचारा.

पहिले चोवीस तास : सेवेची सगळ्यात कमकुवत जागा

धारणी ते अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, सिरोंचा ते गडचिरोली दोनशेच्या आसपास. रात्री अटक झाली आणि सकाळी अकराला आरोपी न्यायालयापुढे आला, तर जिल्ह्याचा वकील तिथे पोचत नाही. रिमांडसाठी नेमलेला वकील उभा राहतो, पण त्याच्या हातात केसचा कागद पाच मिनिटांपूर्वी आलेला असतो. त्या पाच मिनिटांत काय मागायचे, हे घरच्यांना माहीत असेल तर खूप फरक पडतो.

पहिली गोष्ट अटकेची कारणे. ती लेखी हवीत आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत हवीत. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केले. लेखी कारणे लगेच देणे शक्य नसेल, तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती द्यावी लागतात. मेळघाटातला कोरकू किंवा भामरागडचा माडिया माणूस मराठी कागदावर अंगठा देतो आणि त्याला काहीच कळलेले नसते. तिथे हा मुद्दा पहिल्याच दिवशी न्यायाधीशांपुढे तोंडी मांडून रोजनाम्यात नोंदवून घ्यावा लागतो. नंतर आठवून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट अटकेची गरज. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणे, म्हणजे कलम ३ चा भंग, कलम २५(१ब)(अ) खाली येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान २ आणि कमाल ५ वर्षे आहे. तलवार-चाकूच्या बाबतीत कलम ४ आणि २५(१ब)(ब) लागते, तिथे १ ते ३ वर्षे. दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र, पण सात वर्षांच्या आतले. त्यामुळे नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देऊन काम भागत होते का, हा प्रश्न रिमांडलाच विचारायचा. शस्त्र जप्त झालेले आहे आणि पत्ता पक्का आहे, तर पोलीस कोठडी कशासाठी? कट्टा कोणाकडून घेतला याचा तपास करायचा आहे, हे उत्तर ठरलेले असते. ते खोटेच असते असे नाही, पण त्यासाठी किती दिवस लागतात, यावर वाद घालता येतो. तलवारीच्या केसमध्ये तर पीसीआर (पोलीस कोठडी) मागण्याला फारसा आधारच नसतो.

खासगी वकील इथे सरस ठरतो, तो केवळ जवळ असतो म्हणून. ठाण्यात रात्री अकराला पोचणारा तालुक्यातला वकील आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात भेटणारा मोफत वकील यांची तुलना होऊ शकत नाही. अटकेआधीच्या आणि अटकेवेळच्या टप्प्यावर मदत देण्याची राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची कार्यपद्धती २०१९ पासून आहे. ठाण्यात असताना आरोपीला मोफत वकील मागता येतो. पण मागावा लागतो, आणि फोन कोणी करायचा हे घरात ठरलेले असावे लागते.

पंचनामा कोण वाचतो

या भागावर जास्त लिहितो, कारण पैसे देऊन घेतलेल्या आणि मोफत मिळालेल्या, दोन्ही वकिलांची कसोटी इथेच लागते.

आधी वस्तू ‘शस्त्र’ आहे का ते बघायचे. अधिनियमाच्या व्याख्येतून निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. लाठी आणि साधी काठी यांचा तर नावानिशी उल्लेख आहे. विळा, कुऱ्हाड, ऊस किंवा बांबू तोडायचा कोयता, खाटकाचा सत्तूर या वस्तू कशासाठी घडवल्या गेल्या, हे त्यांच्या रूपावरून ठरते. आरोपी त्या घेऊन कुठे उभा होता, यावरून नाही. रानडुकरांनी आणि रोह्यांनी हैराण झालेल्या गावात रात्री दोन वाजता कुऱ्हाड घेऊन वावराकडे जाणे ही रोजची गोष्ट आहे. तसा बचाव घ्यायचा असेल तर सातबारा, पीकपेरा, वन्यप्राण्यांच्या नुकसानीचे वनविभागाकडे दिलेले अर्ज आणि शेजारच्या कास्तकाराचा जबाब, हे कागद पहिल्या महिन्यातच जमवावे लागतात. दोन वर्षांनी पुरावा लागला की शेजारी आठवत नाही म्हणतो.

मग मोजमाप. शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीत तलवार, गुप्ती, खंजीर, भाला, चाकू आदी येतात आणि पात्याची मर्यादा ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदी अशी आहे. त्यापेक्षा मोठे पाते त्या वर्गात बसते. पंचनाम्यात मात्र ‘मुठीसह एकूण लांबी १४ इंच’ असे लिहिलेले वारंवार आढळते. पात्याची लांबी वेगळी दिलेली नसते आणि रुंदी तर नसतेच. चौदा इंचांतून पाच इंच मूठ वजा केली की नऊ उरतात, आणि नऊपेक्षा मोठे असल्याशिवाय लांबीच्या अटीत ते बसत नाही. मोजपट्टी कोणाची होती, मोजले कोणी, टोकापासून कुठपर्यंत, हे उलटतपासात पंचाला विचारायचे तीन प्रश्न आहेत. चांगला वकील त्याआधी मुद्देमाल न्यायालयात उघडायला लावतो आणि समोर मोजायला सांगतो. मात्र उघडण्याआधी त्याने आरोपीला खासगीत विचारलेले असले पाहिजे, की पाते खरोखर किती मोठे आहे. न विचारता उघडायला लावले आणि पाते अकरा इंच निघाले, तर पंचनाम्यातली चूक सरकार पक्षासाठी वकिलानेच दुरुस्त करून दिली असे होते. तलवारीत मापापेक्षा धारेला महत्त्व आहे. नवरदेवाच्या कमरेची किंवा शोभेची तलवार बोथट असेल आणि पंचनाम्यात ‘धारदार’ हा छापील शब्द असेल, तर ते प्रत्यक्ष दाखवायचे.

त्यानंतर कलम ४ ची अधिसूचना. हे कलम सगळीकडे आपोआप लागू होत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून जो प्रदेश आणि ज्या प्रकारची शस्त्रे नमूद केली, तिथेच त्याचा परवाना लागतो. दोषारोपपत्रासोबत ती अधिसूचना जोडलेली आहे का ते बघा, नसेल तर मागा. सोबत बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७(१) आणि १३५ लावलेले असते. ३७(१) चा जिल्हाधिकाऱ्यांचा मनाईहुकूम ठरावीक मुदतीपुरता, सहसा १५ दिवसांचा असतो. जप्तीची तारीख त्या हुकमाच्या मुदतीत बसते का, हुकूम प्रसिद्ध कसा केला आणि हुकमाची प्रत रेकॉर्डवर आहे का, हे तीन प्रश्न प्रत्येक केसमध्ये विचारावेत. मागच्या पंधरवड्याचा हुकूम जोडलेली दोषारोपपत्रेही असतात.

जप्तीच्या पद्धतीचे मुद्दे असे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. ही संहिता लागू झाल्यानंतरच्या, म्हणजे १ जुलै २०२४ नंतरच्या झडती-जप्तीत व्हिडिओ कुठे आहे, हा पहिला प्रश्न. व्हिडिओ असेल तर तो मन लावून बघा. झडती सुरू होण्याआधीपासून रेकॉर्डिंग आहे का? शस्त्र हातात आल्यानंतरच कॅमेरा सुरू झाला का? पंच चौकटीत दिसतात का? पंचनाम्यावर गुन्हा क्रमांक लिहिलेला आहे का तेही बघा. जप्ती संध्याकाळी सहाला आणि फिर्याद रात्री नऊला नोंदली असेल, तर सहाच्या कागदावर गुन्हा क्रमांक आला कुठून? तो नंतर वरच्या कोपऱ्यात वेगळ्या शाईने लिहिलेला असू शकतो, आणि ते स्पष्टीकरण टिकतेही. पण मजकुराच्या ओळीतच असेल तर कागद ठाण्यात बसून लिहिला, या म्हणण्याला जोर येतो. स्टेशन डायरीत पथक निघाल्याची आणि परतल्याची वेळ पंचनाम्याच्या वेळेशी जुळवायची. पाड्यावरच्या झडतीला तालुक्याच्या बसस्टँडवरचे पंच का आणले, गावचा पोलीस पाटील, कोतवाल, शेजारी का नाही, हेही विचारायचे.

इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा. पंच फितूर झाला म्हणजे केस सुटली, असे मुन्शीपासून गावच्या पुढाऱ्यापर्यंत सगळे सांगतात. ते खरे नाही. पोलिसांची साक्ष विश्वासार्ह वाटली तर फक्त तिच्यावरही शिक्षा होते. पंच फितूर होणे हा एक धागा झाला. त्याला मोजमाप, व्हिडिओ, सील आणि वेळ यांची जोड मिळाली तरच त्याची दोरी होते.

कट्टा, काडतूस आणि भरमार

अग्निशस्त्राच्या केसमध्ये तीन कागद निर्णायक : मालखान्याची (ठाण्यात जप्त माल ठेवण्याची जागा) नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल आणि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी.

कट्टा जागेवर सीलबंद झाला का, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, मालखाना रजिस्टरला कोणत्या तारखेला जमा झाला, न्यायसहायक प्रयोगशाळेत कोणता शिपाई घेऊन गेला आणि त्याचा जबाब नोंदवला का, ही साखळी तारखेनिशी एका कागदावर मांडायची. प्रयोगशाळेच्या पोचपावतीवर सीलचे वर्णन असते. ते पंचनाम्यातल्या सीलशी जुळले पाहिजे. जप्तीनंतर महिनाभर कट्टा सील न करता ठाण्याच्या कपाटात पडून असेल, तर तपासलेला कट्टा तोच कशावरून? अहवालात चाचणीसाठी गोळी झाडून बघितली का आणि शस्त्र चालू स्थितीत आहे का, हे बघायचे. सगळे ज्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात तो यायला वेळ लागतो. त्याशिवाय दाखल झालेले दोषारोपपत्र अपूर्ण आहे, असा युक्तिवाद जामिनाच्या वेळी करता येतो, पण त्यावर एकट्यावर विसंबू नये.

मंजुरीबद्दल मात्र ठाम राहता येते. कलम ३९ प्रमाणे कलम ३ च्या गुन्ह्याचा खटला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय दाखल होऊ शकत नाही. मंजुरी दखल घेण्याआधीची आहे का, त्या आदेशात शस्त्राचे वर्णन आणि अहवालाचा उल्लेख आहे का, की फक्त ठाणेदाराचे पत्र बघून छापील मसुद्यावर सही झाली आहे, हे वाचायचे. ही अट कलम ३ पुरती आहे. तलवारीच्या केसमध्ये ‘मंजुरी नाही’ म्हणून आरडाओरडा करणारा वकील कायदा वाचून आलेला नाही, असे खुशाल समजा. तसेच मंजुरी आलेली नाही म्हणून ६० दिवसांनंतर आपोआप जामीन मिळेल, असे कोणी सांगून फी मागत असेल तर सावध व्हा. दोषारोपपत्र मुदतीत दाखल असेल तर केवळ मंजुरीच्या अभावी तो हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. दोषारोपपत्रच ६० दिवसांत आले नाही, तर मात्र हक्क पक्का आहे. तो मागायचा ६१ व्या दिवशी, न्यायालय उघडताच, लेखी अर्जाने. अर्जाआधी दोषारोपपत्र आले की हक्क संपला. कारागृहातल्या आरोपीसाठी हे दिवस कोण मोजतो, हा मोफत सेवेच्या बाबतीत आमचा कायमचा प्रश्न आहे. वकिलावर न सोडता घरच्यांनी कॅलेंडरवर पहिल्या रिमांडच्या तारखेपासून खूण करून ठेवावी.

डिक्कीतला कट्टा, भाड्याच्या खोलीतला कट्टा, चौघांच्या गाडीतला कट्टा अशा केसेसमध्ये ताबा जाणीवपूर्वक होता का, हा मुद्दा येतो. गुणवंतलाल खटल्यात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ताब्यासाठी जाणीव लागते आणि वस्तूवर नियंत्रणही लागते. चावी कोणाकडे होती, गाडी कोणाच्या नावावर, खोलीत आणखी कोण राहत होते, हे कागदावर आणायचे. बॅगेच्या कप्प्यात राहून गेलेल्या एखाद्या काडतुसालाही हाच मुद्दा लागतो.

भरमारचे प्रकरण वेगळे. गडचिरोली, मेळघाट, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात ती पिढ्यान्‌पिढ्या घरात असते. कलम ४५ प्रमाणे जुन्या धाटणीचे, पुरातन मूल्याचे किंवा मोडके शस्त्र दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नसेल, तर अधिनियम लागू होत नाही. ‘दुरुस्ती करूनही’ या शब्दांत सगळी मेख आहे. नुसती गंजलेली बंदूक यात बसत नाही, आणि प्रयोगशाळेला तोच नेमका प्रश्न विचारला गेला आहे का, हे बघावे लागते. वनविभागाने पकडले असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा दुसरा खटला सोबत चालतो. वनअधिकाऱ्यासमोर दिलेला जबाब पोलिसांसमोरच्या कबुलीसारखा सरसकट बाद होत नाही, म्हणून तिथे वकिलाची गरज आधी लागते. लोकअभिरक्षक दोन्ही खटले बघू शकतो, पण ती दोन्ही त्याच्याकडे आहेत याची खात्री घरच्यांनी करावी. एक एकाकडे आणि दुसरे दुसऱ्याकडे गेले की दोन वेगळे बचाव तयार होतात आणि एकमेकांना मारतात.

परवानाधारक कास्तकाराला ही सेवा अपुरी

पीकसंरक्षणासाठी घेतलेल्या बंदुकीचा परवाना संपला आणि नूतनीकरण राहिले, ही केस दिसते साधी, असते गुंतागुंतीची. २०१९ पासून परवान्याची मुदत ५ वर्षे आहे आणि एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. मुदत संपली की कलम २१ प्रमाणे बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. ती न करणे हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा १ ते ३ वर्षे. पोलिसांनी सरळ कलम ३ लावले असेल, तर आरोप कोणत्या कलमाचा बसतो, यावर आरोप निश्चितीच्या वेळीच वाद घालायला हवा, कारण किमान शिक्षेत दुपटीचा फरक आहे. हे फौजदारी काम लोकअभिरक्षक करेल. परवाना निलंबित किंवा रद्द झाल्यावरचे अपील, बंदूक परत मिळवणे, नूतनीकरणाचा अर्ज ही महसूल आणि गृहखात्याच्या दारातली कामे त्याच्या कक्षेत नाहीत. शिवाय उत्पन्नाची मर्यादा ओलांडणारा बागायतदार बाहेर असताना पात्रच ठरत नाही. अशांनी शस्त्र परवान्याची कामे करणारा खासगी वकील घ्यावा. तो फौजदारी बाजू आणि परवान्याची बाजू एकत्र चालवतो का, हे विचारून घ्यावे.

वकील कामाचा आहे की नाही, कसे ओळखावे

दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मोफत मिळते, मुदत १४ दिवसांची. ती मिळाल्यावर पंधरा दिवसांत वकिलाला भेटा आणि विचारा : पाते किती इंच लिहिले आहे? अधिसूचना जोडली आहे का? मंजुरी कोणत्या तारखेची? व्हिडिओची प्रत मागितली का? फिरलेल्या व्हिडिओसोबत साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आहे का, आणि व्हिडिओतली तलवार तीच जप्त झालेली तलवार आहे, हे कशावरून सिद्ध करणार आहेत? उत्तर फाइल उघडून मिळाले तर माणूस मोफत असो की महागडा, तो ठेवा. ‘बघू, पुरावा लागू द्या’ असे उत्तर आले तर वकील बदलण्याचा विचार करा. दोषमुक्तीचा, म्हणजे आरोप निश्चितीआधीच सोडून देण्याचा अर्ज प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत द्यावा लागतो, त्यामुळे पुरावा लागेपर्यंत थांबणे परवडत नाही. मोफत सेवेत वकील आपण निवडत नाही. पण बदलून मागता येतो, त्यासाठी प्राधिकरणाच्या सचिवांकडे कारणासह लेखी अर्ज करायचा. सचिव न्यायिक अधिकारी असतात. टायपिंग, झेरॉक्स, ‘साहेबांचे’ अशा कोणत्याही नावाखाली कोणी पैसे मागितले तर त्याच दारात तक्रार करायची, सेवा पूर्ण मोफत आहे.

खासगी वकील घेतला तर फी टप्प्यांनी ठरवून कागदावर घ्या : जामीन, आरोप निश्चितीपर्यंत, पुरावा, युक्तिवाद. जामिनापुरते ठरलेले पैसे देऊन खटला वाऱ्यावर सुटण्याचे प्रकार इथूनच सुरू होतात. नागपूरचा मोठा वकील आरोपीच्या समाधानासाठी आणला, पण प्रत्येक पेशीला त्याचा कनिष्ठ येऊन पुढची तारीख घेऊन जातो, ही व्यवस्था तालुक्याच्या आर्म ॲक्ट केससाठी महाग आणि निरुपयोगी आहे. अशा खटल्याला हवा असतो तो पंचाची उलटतपासणी स्वतः करणारा माणूस. लोकअभिरक्षक या कामात बहुतेक खासगी वकिलांच्या तोडीस तोड आहेत, असे आमचे मत आहे.

जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो, तो जामीनदाराअभावी. तहसीलचे ऐपतपत्र, जामीनदाराचा सातबारा, त्याचे आधार आणि फोटो हे आदेशाआधीच तयार ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निर्देशांप्रमाणे जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. मग रक्कम कमी करून घेण्याचा किंवा वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज लोकअभिरक्षक करतो. परगावच्या मजुरासाठी सेवेचा हा भाग सगळ्यात मोलाचा आहे, खासगी वकिलाकडे तो सहसा मिळत नाही.

शिक्षा झालीच तर प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करायचे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर शिक्षा सुनावणाऱ्या न्यायालयाकडेच त्याच दिवशी अपिलापुरती शिक्षा स्थगित करून मागता येते. तो अर्ज निकालाच्या दिवशी टाइप करून वकिलाच्या फाइलमध्ये असला पाहिजे, आणि जामीनदार कोर्टाच्या आवारात हजर पाहिजे. नागपूर खंडपीठातल्या पुनर्निरीक्षणासाठी उच्च न्यायालयाच्या विधी सेवा उपसमितीकडे वेगळा अर्ज जातो. जिल्ह्याची फाइल तिकडे आपोआप पोचत नाही, म्हणून दोन्ही निकालांच्या प्रमाणित नकला सत्र न्यायालयाचा निकाल लागताच मागून ठेवाव्यात.